नेट गेले तर घरातला दिवा लागेल का? वाय-फाय स्विच घेण्याआधी हे तपासा

पांढुर्णा/सौंसर : थ्री-फेज लाइट रात्री आली तरी संत्र्याच्या बागेतली मोटर घरी बसून सुरू करता येते, हे या भागातल्या शेतकऱ्यांना नवीन नाही. विहिरीवरच्या मोबाइल स्टार्टरमध्ये सिम असते; त्या नंबरवर कॉल किंवा मेसेज केला की मोटर चालू. आता तशीच सोय घरात शिरते आहे. पोरगा पुण्याला, आई-बाबा इथे. मग गीझरला वाय-फाय प्लग, दारावर कॅमेरा, टाकीच्या मोटरला स्मार्ट स्विच. मात्र शेतातला साधा स्टार्टर आणि घरातला स्वस्त वाय-फाय स्विच यांत एक मोठा फरक आहे, आणि विकणारा तो सहसा सांगत नाही.

साध्या मोबाइल स्टार्टरचे डोके त्या पेटीतच असते. ड्राय रनची सोय असलेला स्टार्टर विहिरीतले पाणी उतरले की मोटर स्वतःच बंद करतो, टॉवर बंद असला तरी. सिमचा रिचार्ज संपला तर फोनची सोय जाते, पण पेटीवरचे बटण कुठे जात नाही. (टू-जीवर चालणाऱ्या पेटीत जिओचे सिम चालत नाही, हे अनेकांना सिम टाकल्यावरच कळते.)

क्लाऊडवरच्या स्विचचे डोके दुसरीकडे असते. सौंसरच्या घरात बसून फोनवर बटण दाबले की हुकूम आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो, तो मुंबईत असेल नाहीतर परदेशात, आणि तिथून फिरून दहा फुटांवरच्या दिव्याकडे येतो. नेट गेले की ॲप हात वर करते. दिव्याचे एक वेळ ठीक आहे, भिंतीवरचे बटण दाबता येईल. पण टायमरही सर्व्हरवरच असेल तर टाकी भरून वाहत राहील आणि मोटर चालूच.

आपले नेट चांगले असून भागत नाही. २० ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीत, अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला आणि जगभर अलेक्सा व रिंग कॅमेऱ्यांसह अनेक सेवा अडखळल्या. त्याहून वाईट म्हणजे कंपनीच दुकान गुंडाळते. रिव्हॉल्व्ह नावाचा सुमारे ३०० डॉलरचा हब गुगलच्या नेस्टने विकत घेतला आणि मे २०१६ मध्ये त्याची सेवा बंद केली. यंत्र धडधाकट, तरी लोकांच्या हातात नुसता डबा राहिला. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑनचे सर्व्हर न सांगता बंद झाले. त्यातही ज्यांनी आपली यंत्रे होम असिस्टंटला जोडली होती, त्यांची घरे चालत राहिली.

होम असिस्टंट हे २०१३ पासूनचे मोफत सॉफ्टवेअर घरातल्याच लहान संगणकावर चालते. हुकूम फोन, राऊटर आणि दिवा एवढ्यातच फिरतो. अडचण अशी की ते बसवून देणारा जाणकार लागतो, आणि तो गावात सापडेलच असे नाही. त्यापेक्षा सोपे म्हणजे खोक्यावर ‘मॅटर’ची खूण पाहणे. २०२२ मध्ये आलेल्या या मानकाची उपकरणे घरच्या नेटवर्कवरच बोलू शकतात.

कॅमेऱ्याचे मात्र वेगळे आहे. रेकॉर्डिंग फक्त घरातल्या डीव्हीआरमध्ये असेल तर चोर जाताना डीव्हीआरच घेऊन जातो. घर महिनोन्‌महिने बंद राहत असेल तर क्लाऊडचे भाडे भरणे परवडते. गीझरसाठी ते भरण्यात अर्थ नाही.

घेताना दुकानदाराला एवढेच करून दाखवायला सांगावे : राऊटर चालू ठेवून त्यात येणारी नेटची वायर काढायची, फोनचा मोबाइल डेटा बंद करायचा आणि वाय-फायवरून ॲपमधले बटण दाबायचे. दिवा लागला तर हुकूम घरातल्या घरात फिरतो आहे. मग टायमर लावूनही पाहावा. आणि राऊटर इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नये. लाइट गेल्यावर राऊटरच बंद पडला तर यातले काहीच चालणार नाही.