घरचा पंच

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आठवड्याचे सहा दिवस लेथ, प्रेस आणि भट्ट्यांचा आवाज असतो. साप्ताहिक सुट्टीला त्याच वसाहतीतील मोकळ्या भूखंडांवर क्रिकेट रंगते. सात-आठ वर्षांपूर्वी अशाच एका सुट्टीच्या सकाळी आमच्या कारखान्यातील दोन विभागांत सामना झाला. यंत्रांचे सुटे भाग बनविणारा हा मध्यम आकाराचा कारखाना. त्याच्या मनुष्यबळ विभागाचे काम मी पाहतो. गोलंदाजी करीत होते आमचे सर्वांत जुने टर्नर, ज्यांना सारा कारखाना 'मिस्त्री' म्हणत असे. फलंदाज होते मालकांचे चिरंजीव, आणि पंच होता मालकांचा पुतण्या. चेंडू बॅटीची कड घेऊन यष्टिरक्षकाच्या हाती विसावला. तो आवाज सीमारेषेजवळ चहा घेत बसलेल्या आम्हालाही ऐकू आला. पुतण्याने दोन्ही हात खिशात घातले आणि आभाळाकडे पाहिले. सगळे हसले. मिस्त्रीही हसले, चेंडू पँटला पुसत मागे वळले आणि जाता जाता मला म्हणाले, "पंच घरचाच आहे, साहेब." मीही हसलो.

दीड महिन्याने सीएनसी विभागाच्या पर्यवेक्षकाची जागा भरावयाची होती. नावे दोनच होती. मिस्त्रींना चौदा वर्षे झाली होती, पुतण्याला तीन. मालक, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणतो, उत्पादन व्यवस्थापक आणि मी असे तिघे अण्णांच्या केबिनमध्ये बसलो आणि चहा संपण्यापूर्वी पुतण्याचे नाव ठरले. कारण सरळ होते. नव्या यंत्रांचा प्रोग्राम त्याला लिहिता येत होता, मिस्त्रींना येत नव्हता. हे कारण खरे होते, आणि म्हणूनच त्यापलीकडचा प्रश्न आम्हा तिघांपैकी कोणालाही सुचला नाही. यंत्रे आली तेव्हा पुण्याला पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणासाठी कोणाला पाठविले होते? पुतण्याला. मिस्त्रींना विचारलेसुद्धा नव्हते.

तीन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी हिशेबाच्या कागदांवर सह्या करून झाल्यावर त्यांनी मला एकच गोष्ट विचारली, "साहेब, मला किती गुण पडले होते?" गुण कोणी दिलेच नव्हते. दाखविण्यासारखा एकही कागद माझ्या फायलीत नव्हता.

आमच्या अभ्यासक्रमात कामाच्या ठिकाणच्या न्याय्यतेचे तीन भाग शिकवितात. कोणाला काय मिळाले, ते कोणत्या पद्धतीने ठरले, आणि ठरल्यानंतर माणसाशी कसे बोलले गेले. परीक्षेत मी हे व्यवस्थित लिहिले होते. पण व्यापारी घरातील वाचकांना ते समजण्यासाठी पदवीची गरज नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी अनेक बाजारपेठांत मालाचा सौदा रुमालाखाली बोटे दाबून होत असे. घेणारा आणि अडत्या यांच्या बोटांना भाव कळे. शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला तो कळत नसे. त्यातील कितीतरी भाव रास्तही असतील. तरीही उघड लिलावाचा नियम आणावा लागला, कारण ज्याचा माल आहे त्याला आपला भाव कसा ठरला हे दिसले पाहिजे. आम्ही मिस्त्रींची बढती रुमालाखाली ठरविली होती.

यानंतर मला वारंवार आठवत राहिले ते खाशाबा जाधव. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा आपल्याला १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदकामुळे ठाऊक असतात. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक, आणि दुसरे येण्यासाठी १९९६ पर्यंत थांबावे लागले. परंतु मनुष्यबळ विभागातील माणसाच्या नजरेने त्यांचे आयुष्य वाचले की पदकापेक्षा त्याच्या आगेमागे घडलेल्या गोष्टींवर नजर थांबते.

पहिली गोष्ट मातीची. १९४८ साली लंडनला गेलेले खाशाबा लाल मातीत वाढलेले मल्ल होते. गादीवरची कुस्ती, तिचे आंतरराष्ट्रीय नियम, गुण मोजण्याची रीत, हे सारे त्यांना नवे होते. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. मातीतल्या मल्लाला गादीवर उतरवून त्याचे मोजमाप करणे आणि चौदा वर्षे साध्या लेथवर राबलेल्या टर्नरला सीएनसीच्या कसोटीवर नापास ठरविणे, यांत मला फार अंतर दिसत नाही. दोन्ही ठिकाणी नियम सर्वांना सारखा आहे. सरावाची गादी मात्र सर्वांना सारखी मिळालेली नाही.

दुसरी गोष्ट निवडीची. हेलसिंकीच्या आधी मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्याला जाणूनबुजून एक गुण कमी दिला गेला, अशी खाशाबांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हा चाचणी झाली आणि तीत त्यांनी प्रतिस्पर्ध्याला चीत केले. ही कथा आपण जिद्दीची कथा म्हणून मुलांना सांगतो. मला तिच्यात एक अस्वस्थ करणारी बाजू दिसते. दाद मागण्यासाठी ठरलेली जागाच नव्हती म्हणून एका महाराजांच्या सहृदयतेवर देशाचे पदक अवलंबून राहिले. महाराज खेळाचे शौकीन नसते तर? आमच्याकडेही अण्णा मनाने मोठे आहेत, कोणीही त्यांच्या केबिनचे दार ठोठवावे. पण ज्यांच्या निर्णयाविरुद्ध तक्रार आहे त्यांचेच दार ठोठविणे चौदा वर्षांच्या नोकरालाही जमत नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. हेलसिंकीला जाण्याचा खर्च उभा करण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून, त्यांत स्वतः लढून ते फेडले. खातेवहीत वाढलेल्या आपल्या लोकांना या नोंदीचे मोल अधिक कळावे.

आणि हेलसिंकीच्या मैदानावरची गोष्ट. जपानच्या इशीई यांच्याशी दीर्घ झुंज दिल्यानंतर थकलेल्या खाशाबांना पुरेशी विश्रांती न देताच सोव्हिएत संघाच्या मल्लाशी लढावे लागले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता. परंतु तो नियम दाखवून हरकत घेणारा भारतीय अधिकारी त्या वेळी तेथे नव्हता, असे त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदविले आहे. नियम पुस्तकात होता, माणूस जागेवर नव्हता. कारखान्यांतील स्थायी आदेशांची प्रत कोणाच्या कपाटात कुलूपबंद असते, हे आठवून मी हे लिहितो आहे. पुढे १९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक झाले, सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले आणि निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८४ साली अपघातात ते गेले. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर.

आता पंचाकडे वळू. कसोटी क्रिकेटमध्ये फार वर्षे पंच यजमान देशाचेच असत. पाहुणा संघ हरला की पंचांवर बोट ठेवी, यजमान रागावत, आणि यांतील बहुसंख्य पंच प्रामाणिक असूनही संशय फिटत नसे. १९८६ साली लाहोरला पाकिस्तान आणि वेस्ट इंडीज यांच्यातील कसोटीत दोन भारतीय पंच उभे राहिले, व्ही. के. रामस्वामी आणि आपले पिलू रिपोर्टर. तिसऱ्याच देशाचे पंच ही कल्पना तेथून रुजली, आणि २००२ पासून कसोटीतील दोन्ही पंच तटस्थ देशांचे असावेत असा नियम झाला. मला यात विशेष वाटते ते हे की, हा बदल घरचे पंच अप्रामाणिक ठरले म्हणून झाला नाही. हरणाऱ्याला आपला पराभव मान्य करता यावा, यासाठी झाला. आमच्या पुतण्याचा तो खिशात हात घालणारा विनोद कोणाच्याही मनात कपट नसताना झाला होता. पण दीड महिन्यानंतरच्या बढतीत मिस्त्रींना तोच हात दिसला असेल, तर दोष त्यांच्या नजरेचा कसा म्हणावा?

पगाराच्या न्याय्यतेचाही एक धडा आपल्या सांगलीशी जोडलेला आहे. स्मृती मानधनाचे बालपण सांगलीत गेले, त्यामुळे ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रिकेट नियामक मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामना-मानधन समान केले तेव्हा इकडे आनंद झाला. कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख, दोघांनाही. निर्णय चांगलाच होता. पण पगारपत्रक करणारा माणूस एका रकान्यावर थांबत नाही. त्या वेळी वार्षिक कराराची सर्वोच्च श्रेणी पुरुषांना ७ कोटींची होती, महिलांना ५० लाखांची. आणि महिलांच्या वाट्याला कसोटी सामने येत ते बोटांवर मोजण्याइतके. दर समान झाला, पण संधी तेवढी नसेल तर वर्षाअखेर हातात पडणारी रक्कम समान होत नाही. वसाहतीतील किती कारखान्यांत स्त्री आणि पुरुष कामगारांचा रोज सारखा लिहिलेला असतो, आणि ओव्हरटाइम मात्र पुरुषांनाच दिला जातो, हे ज्याने त्याने आपले हजेरीपुस्तक उघडून पाहावे.

कौटुंबिक उद्योगाची अडचण मी जाणतो. माझेही आजोबा हळदीच्या अडत दुकानाच्या गादीवर बसलेले. तिजोरीच्या किल्ल्या परक्याच्या हाती देणे हे शहाणपणाचे नव्हे, असे मानणाऱ्या घरात मी वाढलो, आणि विश्वास हीदेखील एक पात्रता आहे असे आजही मानतो. अण्णा म्हणतात, "रात्री दोन वाजता वीज गेली तर पुतण्या धावत येतो." ते खरेच आहे. मग जी जागा घरच्यांसाठीच राखावयाची आहे तिच्यावर तसे लिहावे. मिस्त्रींकडून तिच्यासाठी अर्ज घेऊ नये. निकाल आधी ठरलेल्या लढतीला तालमीत नुरा कुस्ती म्हणतात. तीत उतरणाऱ्या दोघांनाही निदान ते माहीत असते. आम्ही मात्र एकालाच अंधारात ठेवले होते.

कायद्यानेही येथे एक वाट करून ठेवली आहे, पण लहान कारखान्यांत तिचा उपयोग फार कमी दिसतो. २०१० च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात २० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला तक्रार निवारण समिती बंधनकारक झाली. मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी समान, आणि अध्यक्षपद एक वर्ष यांच्याकडे, एक वर्ष त्यांच्याकडे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद आहे. आमच्याकडे मिस्त्रींच्या काळातही ही समिती होती. तिच्या नोंदवहीत चार वर्षांत एकच तक्रार होती, ती उपाहारगृहातील भाताची.

मिस्त्री गेल्यानंतरच्या क्षमावाणीला अण्णा नेहमीप्रमाणे प्रत्येक यंत्राजवळ गेले आणि हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणाले. मिस्त्रींच्या लेथवर आता दुसरा मुलगा होता. तेथे ते क्षणभर अधिक थांबले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून विचारले, "मिस्त्रींना आपण पुण्याला का नाही पाठवले?" मी म्हणालो, "आपण विचारच केला नाही, अण्णा." त्यांनी मान हलविली. मिस्त्री तोपर्यंत दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या कारखान्यात रुळले होते, आणि बोलावल्यावरही आले नाहीत. ते योग्यच होते.

त्यानंतर हळूहळू काही गोष्टी बदलल्या. प्रशिक्षणाची संधी आली की ती सूचनाफलकावर लागते आणि कोणीही नाव देऊ शकतो. बढतीच्या कसोटीसाठी बाहेरचा परीक्षक येतो. ज्याला जागा मिळाली नाही त्याला मी स्वतः बोलावून त्याचे गुण दाखवितो आणि कोठे कमी पडले ते सांगतो. हे शेवटचे काम सर्वांत अवघड आहे. निवड झालेल्याचे अभिनंदन दोन मिनिटांत आटोपते, या बैठकीला अर्धा तास लागतो आणि चहा बहुधा तसाच राहतो. सारे सुरळीत झाले असेही नाही. दोन वर्षांपूर्वी एक चांगला फिटर आपले गुण पाहूनही समाधान न होता सोडून गेला. मात्र का सोडतो आहोत, ते तो मला तोंडावर सांगून गेला.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे पाळीप्रमुखाची एक जागा भरावयाची आहे. अर्ज तीन आले आहेत. त्यांतील एक अण्णांच्या भाच्याचा. परीक्षक बाहेरचे आहेत आणि गुणपत्रक तिघांनाही दाखविले जाईल, अशी सूचना मी परवा फलकावर लावली. अण्णांनी ती चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि म्हणाले, "ठीक आहे. पण भाचा मागे पडला तर माझ्या बहिणीला तुम्हीच सांगायचं."