बारा फुटी, चौदा फुटी की सोळा फुटी?

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. पाणी असे दाराशी आल्यावर होडी बाळगणे ही तिथे चैन राहत नाही. शेतकरी, शिक्षक, निवृत्त पोस्टमन अशा कुणाच्याही अंगणात ट्रेलरवर एक होडी उभी दिसते आणि ती पुष्कळदा ॲल्युमिनियमची असते. वरून उघडी, दोन-तीन आडवे बाक, मागच्या फळीला अडकवलेले छोटे इंजिन. गादी नाही, काच नाही, छप्पर नाही. वॉलाय हा तिथला आवडता मासा धरायला, बदकांच्या शिकारीला, बेटावरच्या लाकडी घरात किराणा पोचवायला, सगळ्या कामांना हीच.

अशी होडी घ्यायची ठरली की घरात वाद सुरू होतो तो लांबीवरून. बारा, चौदा की सोळा? फरक वरवर पाहता दोन-दोन फुटांचा. प्रत्यक्षात त्या दोन फुटांत माणसे, वारा, गाडी, इंजिन आणि मालकाची कंबर असा सगळा हिशेब येतो.

या होड्यांचा जन्म महायुद्धाच्या कारखान्यांतला. १९४४ साली ग्रुमन या लढाऊ विमाने बनवणाऱ्या कंपनीतले एक अधिकारी, विल्यम हॉफमन, न्यूयॉर्कच्या ॲडिरोंडॅक डोंगरांत सुटीला गेले होते. लाकूड आणि कॅनव्हासची जड कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची निमुळती होडी, एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात खांद्यावरून नेताना त्यांचा घाम निघाला. विमानाच्या पत्र्याची कनू का नको, हा विचार तिथला. युद्ध संपताच ग्रुमनने ती बाजारात आणली. मिनेसोटात न्यूयॉर्क मिल्स नावाच्या छोट्या गावी हॉवर्ड लुंड यांनी १९४८ च्या सुमारास बदकांच्या शिकारीसाठी स्वतःपुरती ॲल्युमिनियमची होडी बनवली आणि त्यातून लुंड ही कंपनी उभी राहिली.

ॲल्युमिनियमचे वजन पोलादाच्या साधारण एक-तृतीयांश. लाकडासारखे ते कुजत नाही, दरवर्षी रंग मागत नाही आणि खडकावर आपटले तर बहुतेक वेळा फुटण्याऐवजी त्याला पोचा पडतो. हलक्या होडीचा पत्रा सव्वा मिलिमीटरच्या आसपास असतो, दणकट होडीचा अडीचपर्यंत जातो. जाहिरातीत लांबी मोठ्या अक्षरांत छापतात. पत्र्याची जाडी मात्र शोधून काढावी लागते.

लांबीइतकेच, किंबहुना तिच्याहून जास्त, लक्ष रुंदीकडे द्यायला हवे. सपाट तळाच्या होडीला तिकडे जॉन बोट म्हणतात. तिच्या मॉडेलच्या नावातच अनेकदा माप दडलेले असते. १४३६ म्हणजे लांबी १४ फूट आणि तळाची रुंदी ३६ इंच. १४४८ ही तेवढ्याच लांबीची, पण तळ ४८ इंचांचा. कागदावर दोघी चौदा फुटीच. पाण्यात मात्र ३६ इंची होडीत एकजण मासा ओढायला काठाकडे झुकला, की दुसऱ्याला न सांगता उलट बाजूला सरकावे लागते. ४८ इंचीत दोघे उभे राहून गळ टाकू शकतात.

या रुंदीचा परिणाम आकड्यांतही दिसतो. अमेरिकेत नोव्हेंबर १९७२ पासून वीस फुटांखालच्या नेहमीच्या इंजिनवाल्या होड्यांवर क्षमतेची पट्टी ठोकणे उत्पादकाला सक्तीचे आहे. किती माणसे, माणसे-इंजिन-सामान मिळून किती वजन आणि जास्तीत जास्त किती अश्वशक्ती, हे त्या पट्टीवर कोरलेले असते. पट्टी नसलेल्या जुन्या होडीसाठी तिथले तटरक्षक दल सोपा हिशेब सांगते: फुटांतली लांबी गुणिले रुंदी, भागिले पंधरा. बारा फुटी होडी साडेचार फूट रुंद धरली तर उत्तर येते ३.६, म्हणजे तीन माणसे. चौदा फुटी, साडेपाच फूट रुंद असेल तर पाच. सोळा फुटी, सहा फूट रुंद असेल तर सहा. बारावरून चौदावर जाताना लांबी जेमतेम सतरा टक्के वाढली. माणसे तीनाची पाच झाली. चौदावरून सोळावर जाताना भर पडली ती एकाच माणसाची. आणि हिशेबातला माणूस सरासरी ६८ किलोंचा, तोही हवा चांगली असताना. थंडीचे कोट, बर्फाची पेटी, पंचवीस किलोंची बॅटरी आणि पेट्रोलची टाकी चढली की पट्टीवरची 'तीन' माणसे निमूटपणे दोन करावीत.

मग सरळ सोळा फुटीच का घेऊ नये?

मिनेसोटातले मिल लॅक्स हे तळे पाहिले तर तोच कौल द्यावासा वाटतो. क्षेत्रफळ सुमारे ५३५ चौरस किलोमीटर, आपल्या उजनीच्या जलाशयाहून मोठे; खोली मात्र जास्तीत जास्त बेचाळीस फूट. पाणी उथळ आणि पसारा अफाट असला की वाऱ्याने उठणाऱ्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. एक ओलांडून होडी सावरते न सावरते तोच दुसरी येते. अशा पाण्यात बारा फुटी होडीचा काठ फार खाली पडतो. मोकळ्या जलाशयावरचा वारा काय करतो हे महाराष्ट्राला नव्याने सांगायला नको: २१ मे २०२४ रोजी उजनीवर कुगावहून कळाशीला निघालेली बोट सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले.

तळाचा आकार इथे फार महत्त्वाचा. जॉन बोटीचा सपाट तळ वीतभर पाण्यातही तरतो आणि शांत पाण्यात ती स्थिर उभी राहते. नदीच्या गाळात, लव्हाळ्यात, बदकांच्या दलदलीत तिला तोड नाही. लाटांवर मात्र तोच तळ थडाथड आपटतो. पुढून इंग्रजी व्ही अक्षरासारखा तळ असलेली होडी लाट कापत जाते. उभी असताना ती थोडी डुलते, एवढे चालवून घ्यावे लागते. मोठ्या तळ्यावर सोळा फुटी जॉन बोट नेण्यापेक्षा चौदा फुटी व्ही तळाची नेणे शहाणपणाचे.

मात्र त्याच मिनेसोटाच्या उत्तर टोकाला, कॅनडाच्या सीमेलगत, बाउंडरी वॉटर्स नावाचे राखीव अरण्य आहे. तिथल्या बहुतेक तळ्यांवर इंजिनालाच बंदी. ज्या थोड्या तळ्यांवर परवानगी आहे, तिथेही काही ठिकाणी दहा आणि काही ठिकाणी पंचवीस अश्वशक्तीची मर्यादा. दहाच्या इंजिनावर भरलेली सोळा फुटी होडी पाण्यावर चढून पळतच नाही. नाक वर, शेपूट खाली अशी ती पाणी ढकलत राहते. बारा फुटी त्याच इंजिनावर दोघांना घेऊन मजेत जाते. शिवाय इंजिन रुसले तर बारा फुटी वल्ह्यांवर परत आणता येते. सोळा फुटी वाऱ्याविरुद्ध वल्हवून पाहावी, म्हणजे कळेल.

वजनाचा प्रश्न तर रोजचा. बारा फुटी रिकामी होडी साधारण पन्नास ते सत्तर किलोंची. दोघेजण ती उचलून गाडीच्या टपावर बांधू शकतात, धक्का नसलेल्या तळ्यावर झाडीतून पाण्यापर्यंत नेऊ शकतात. चौदा फुटी ऐंशी ते एकशे दहा किलो. तिला ट्रेलर हवाच, पण लहान गाडी तो ओढू शकते आणि काठावर दोघांना ती सरकवता येते. सोळा फुटी सव्वाशेपासून दोनशे किलोपर्यंत. तिला मोठे इंजिन, दणकट ट्रेलर, उतरवायला बांधीव रॅम्प आणि घरी लांब गॅरेज लागते. ट्रेलरची दांडी धरली की सोळा फुटी होडी वीस फुटांच्या गॅरेजात कशीबशी बसते, हे होडी घरी आल्यावर कळलेले बरे नव्हे.

इंजिन घेताना मागच्या फळीची उंची टेपने मोजावी. छोट्या होड्यांत ती सहसा पंधरा इंच असते, मोठ्यांत वीस. वीस इंची फळीवर आखूड दांड्याचे इंजिन लावले तर पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो. पंधरा इंची फळीवर लांब दांड्याचे लावले तर तो नको तेवढा खोल जाऊन तळातल्या दगडांना भेटतो.

जुनी होडी घेणारे बरेच जण मधले बाक कापून सपाट डेक बसवतात. हा मोह टाळलेला बरा. ते बाक दोन्ही बाजूंच्या पत्र्यांना ताणून धरतात आणि त्यांच्या पोटात भरलेल्या फोममुळेच पाणी भरलेली होडी तरंगत राहते. डेकसाठी वाळवी लागू नये म्हणून तांब्याच्या क्षारांत मुरवलेले लाकूड वापरले तर दुसरे संकट: ओलसर तांबे ॲल्युमिनियमला खाते. तळाला पडलेले तांब्याचे नाणेसुद्धा कालांतराने पत्र्याला खड्डा पाडू शकते.

लांबी कुठलीही असो, लाइफ जॅकेट अंगावरच हवे. २०२२ साली अमेरिकेत नौकाविहाराच्या अपघातांत ६३६ माणसे गेली. बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद मिळाली, त्यांतल्या ८५ टक्के लोकांनी ते घातले नव्हते.

एकटा किंवा दोघे, लहान तळी, गाडीचा टप आणि वल्ह्यांची तयारी असेल तर बारा फुटी घ्यावी. मोठे उघडे पाणी, चार माणसे आणि ओढायला भक्कम गाडी असेल तर सोळा. ठरतच नसेल तर व्ही तळाची, रुंद, चौदा फुटी घ्यावी आणि तिला पट्टीवरच्या मर्यादेत बसेल असे पंधरा-वीस अश्वशक्तीचे इंजिन लावावे. जुनी मिळत असेल तर पैसे देण्याआधी ती ट्रेलरवरच ठेवून तळात चार-पाच इंच पाणी ओतावे आणि खाली वाकून पाहावे. पत्रे जोडणाऱ्या ज्या रिवेटमधून थेंब पडेल, त्यावर खडूने खूण करावी. खुणा दोन-चार असतील तर ते रिवेट पुन्हा ठोकून घेता येतात; तळभर खुणा झाल्या तर दुसरी होडी बघावी.