दोरी कामगाराच्या हाती

‘चांगली माणसे मिळत नाहीत’ ही तक्रार पेढीपासून कारखान्यापर्यंत सर्वत्र ऐकू येते. कॅलिफोर्नियातील फ्रिमाँट येथील जनरल मोटर्सच्या कारखान्याविषयीही असेच बोलले जाई. गैरहजेरी, वारंवारचे तंटे आणि सदोष मोटारी यांनी ग्रासलेला तो कारखाना १९८२ मध्ये बंद झाला.

१९८४ मध्ये टोयोटा व जनरल मोटर्स यांच्या भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला. व्यवस्थापन जपानी, कामगार मात्र बहुतांशी जुनेच आणि त्यांची संघटनाही तीच. शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठविण्यात आले. दोष दिसताच दोरी ओढून काम थांबविण्याचा अधिकार प्रत्येकास मिळाला. अधिकारी व कामगार एकाच उपाहारगृहात जेवू लागले. थोड्याच काळात तेथील मोटारी दर्जात जपानी मोटारींच्या तोडीस आल्या.

जपानी व्यवस्थापकांनीही अमेरिकेची रीत समजून घेतली. त्यांनी तेथील कामगार संघटनेला मान्यता दिली. पुढे मागणी घटली तेव्हा कोणालाही कामावरून कमी न करता तो वेळ प्रशिक्षणास दिला.

हीच पद्धत जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांत सहजासहजी रुजली नाही. दोरी एका दिवसात टांगता येते. ती ओढणाऱ्यावर न रागावण्याची सवय मात्र वरिष्ठांना प्रयत्नाने लावून घ्यावी लागते.

परदेशी शाखा उघडणाऱ्या व्यापारी घराण्यांनी भांडवलाच्या हिशेबाबरोबर एवढेही तपासावे: आपल्या पेढीत चूक दाखवून देणाऱ्या नोकराच्या वाट्याला शाबासकी येते की बोलणी?