दोन वर्षे जगलेला क्लब

संस्थांचा इतिहास आपल्याकडे बहुधा सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने लिहिला जातो. स्मरणिका निघते, संस्थापकांची छायाचित्रे छापली जातात, ढालींची यादी दिली जाते. जी संस्था पन्नाशी गाठू शकली नाही, तिच्या वाट्याला स्मरणिका येत नाही. अल्पायुष्य म्हणजे अपयश, असे आपण मनोमन धरून चाललेले असतो. खेळाच्या क्षेत्रात तरी हा हिशेब चुकीचा आहे. त्यासाठी दोन उदाहरणे पाहण्यासारखी आहेत. एक विलायतेतले, दुसरे आपल्या मुंबईचे.

इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न हे सूतगिरण्यांचे गाव. तेथे १८७८ मध्ये ‘ब्लॅकबर्न ऑलिम्पिक’ नावाचा फुटबॉल क्लब निघाला. त्या काळी तिकडच्या प्रतिष्ठेच्या एफ. ए. चषकावर मक्तेदारी होती ती बड्या घराण्यांतील, महागड्या शाळांत शिकलेल्या तरुणांची. ३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर अंतिम सामन्यात ईटनच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघापुढे ऑलिम्पिकचे खेळाडू उभे राहिले. त्यांत विणकर होते, सूत कातणारे होते. जादा वेळात ऑलिम्पिकने दोन विरुद्ध एक गोलने सामना जिंकला आणि चषक प्रथमच उत्तरेकडच्या श्रमिकांच्या गावी गेला. त्यानंतर तो उमरावांच्या हौशी संघांकडे कधीच परतला नाही. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, खेळाडूंना वेतन देण्यास अधिकृत मान्यता मिळाली.

आणि ऑलिम्पिकचे काय झाले? वेतनाचा जमाना आला. पण हे वेतन देण्याची ऐपत या क्लबाजवळ नव्हती. गावातलाच ब्लॅकबर्न रोव्हर्स हा अधिक सधन क्लब पुढे सरसावला. १८८८ मध्ये बारा संघांची फुटबॉल लीग स्थापन झाली, तीत ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सला स्थान मिळाले. पुढच्याच वर्षी, १८८९ मध्ये, ऑलिम्पिकने गाशा गुंडाळला. उणेपुरे अकरा वर्षांचे आयुष्य! पण श्रमिकांना ज्या दरवाजातून आत येता आले, तो दरवाजा उघडणाऱ्यांत या क्लबाचे स्थान अग्रभागी आहे.

आता मुंबईकडे वळू. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. त्याच्या पाच वर्षे आधी, १८४८ मध्ये, मुंबईच्या पारशी तरुणांनी ‘ओरिएंटल क्रिकेट क्लब’ काढला. एतद्देशीयांचा हा पहिला क्रिकेट क्लब मानला जातो. तो जेमतेम दोन वर्षे टिकला. परंतु तो बंद पडला त्याच सुमारास, १८५० मध्ये, ‘झोरोॲस्ट्रियन क्लब’ उभा राहिला. मागोमाग ज्युपिटर, मार्स, एल्फिन्स्टन अशी नावे धारण करणारे अनेक क्लब निघाले. १८६६ मध्ये हिंदू तरुणांचा ‘बॉम्बे युनियन’ स्थापन झाला. पारशी संघ १८८६ मध्ये विलायतेचा दौरा करून आला आणि १८९० मध्ये त्याने इंग्लंडहून आलेल्या व्हर्नन यांच्या संघास मुंबईत हरविले. दोन वर्षे जगलेल्या क्लबाचा हा वंशविस्तार.

एक क्लब मेला असता त्याच्या जागी दुसरे चार का उगवले? याचे पहिले उत्तर आहे मैदान. कोटाबाहेरचा एस्प्लनेडचा मोकळा पट्टा सर्वांना खुला होता. तेथे काठी रोवली की क्लब सुरू होत असे. पुढे गोऱ्या साहेबांचे पोलो त्या हिरवळीवर सुरू झाले आणि घोड्यांच्या टापांनी खेळपट्ट्या उखडू लागल्या, तेव्हा १८८० नंतरच्या त्या वर्षांत देशी खेळाडूंनी सरकारकडे अर्जामागून अर्ज केले. मूठभर साहेबांच्या करमणुकीसाठी शेकडो मुलांचा खेळ का मोडावा, हा त्यांचा साधा सवाल होता. क्लब वाचविण्याआधी मैदान वाचविले पाहिजे, हे त्यांना नेमके कळले होते.

दुसरे उत्तर आहे दप्तर. हा सारा झगडा आज आपल्याला ठाऊक आहे, याचे बरेचसे श्रेय शापूरजी सोराबजी यांना जाते. पारशी क्रिकेटचा आणि पोलोविरुद्धच्या लढ्याचा वृत्तान्त त्यांनी १८९७ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला. त्यांनी लेखणी उचलली नसती, तर ओरिएंटल क्लबाचे नावही कदाचित उरले नसते.

या दोन कसोट्यांवर आजचे चित्र कसे दिसते? १८९१ पासून रोव्हर्स चषकाची परंपरा सांगणाऱ्या मुंबईत महिंद्रा युनायटेड हा फुटबॉल संघ २००६ मध्ये राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि २०१० मध्ये बंद झाला. २००७ मध्ये स्थापन झालेला मुंबई एफ. सी. दहा वर्षांत, २०१७ मध्ये, लयास गेला. पुण्याचा भारत एफ. सी. तर आय-लीगचा एकच हंगाम खेळला. या संघांची मुळे वस्तीपेक्षा मालकांच्या ताळेबंदात अधिक रुजली होती, असे म्हटल्यास वावगे होऊ नये. ताळेबंद बदलला, संघ गेला. त्यांच्या मागे जोमाने उगवावे असे रान आपण मोकळे ठेवले आहे काय?

हा प्रश्न ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीकरांना अधिक झोंबावा. ठाण्याचे सेंट्रल मैदान, कल्याणचे सुभाष मैदान, डोंबिवलीचे भागशाळा मैदान ही नावे सहज ओठांवर येतात. पण लोकसंख्येच्या मानाने ही यादी फार लवकर संपते. विकास आराखड्यात क्रीडांगणाचे आरक्षण पडते, हे खरे. परंतु १९६६ च्या नगररचना कायद्यातच अशी तरतूद आहे की, आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादन झाली नाही तर मालक सूचना देऊ शकतो आणि त्यानंतरच्या विहित मुदतीतही हालचाल झाली नाही तर आरक्षण गळून पडते. जमीनमालकाला अनंतकाळ टांगून ठेवू नये, हा या तरतुदीमागचा हेतू न्याय्यच आहे. मात्र नागरिक आणि नगरसेवक झोपले, तर मुलांचे मैदान कागदावरच जन्मते आणि कागदावरच मरते. पोलोच्या घोड्यांचा आवाज तरी येत असे. मुदत सरल्याचा आवाज कोणालाच येत नाही.

म्हणून आपल्या प्रभागातील क्रीडांगणाचे आरक्षण कोठे आहे, त्यास किती वर्षे झाली, जमीन ताब्यात आली की नाही, एवढी चौकशी प्रत्येक सुशिक्षित माणसाने करावी. माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज त्यास पुरेसा आहे. शिक्षक आणि कारकून या मंडळींना दप्तराची किंमत कोणी शिकवावयास नको; बंद पडलेल्या आपल्या क्रीडामंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांनी गावच्या वाचनालयात पोहोचत्या कराव्यात.

क्लब निघतील, मोडतील, पुन्हा निघतील. त्यात दुःख करण्यासारखे फारसे नाही. मात्र एक मोडल्यावर दुसरा काढण्यास जागाच उरू नये, यात दुःख आहे. १८५० साली ओरिएंटल क्लब बंद पडला, तेव्हा त्या मुलांच्या समोर मोकळे मैदान पसरलेले होते. आपल्या मुलांच्या समोर काय आहे?