वास नसलेले विष

शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते. एवढी उष्णता कोळशाच्या भट्टीत सहज मिळते, म्हणून मोठ्या कारखान्यापासून पत्र्याच्या गाळ्यापर्यंत कुठेही त्याचे काम चालू शकते. जगातले बहुतेक शिसे आज बॅटऱ्यांत जाते. रिक्षाची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी निकामी झाली की ती भंगारात येते. बेकायदा गाळ्यात ती कुऱ्हाडीने फोडतात, ॲसिड गटारात ओततात आणि आतल्या प्लेट भट्टीत टाकतात. धुरातून शिशाची बारीक पूड आसपासच्या जमिनीवर बसते. सोल्डरिंग, काही रंग आणि पीव्हीसी, भेसळीची कल्हई हेही त्याचे मार्ग आहेत.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात कारखाना आणि घर यांच्यामध्ये फारसे अंतर राहिलेले नाही. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी लष्करी छावणीच्या जागी उल्हासनगर उभे केले आणि घरातच उद्योग थाटले. अंबरनाथ-बदलापूरला एमआयडीसी आली. अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरातून जाते आणि कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. नोव्हेंबर 2014 मध्ये वालधुनीत रसायन सोडले गेले. त्याच्या वायूने उल्हासनगरातल्या शेकडो रहिवाशांना रुग्णालयात जावे लागले. अशा वेळी निदान नाकाला तरी कळते, आरडाओरडा होतो, प्रशासन धावते. शिशाच्या धुळीला वास नाही आणि तिने डोळेही चुरचुरत नाहीत. म्हणूनच उग्र वासाची तक्रार आली की हलायचे, ही पद्धत शिशापुढे लंगडी पडते.

सर्वाधिक धोका रांगणाऱ्या आणि नुकत्याच चालू लागलेल्या मुलांना. त्यांचे हात जमिनीवर असतात आणि तेच हात तोंडात जातात. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढांचे शरीर दहाएक टक्के शोषते, लहान मुलांचे जवळपास निम्मे. मुलाच्या अंगात लोह किंवा कॅल्शियम कमी असेल तर शोषण आणखी वाढते. कुपोषित मूल इथेही दुहेरी मार खाते. शरीर शिशाला कॅल्शियम समजून हाडांत साठवते आणि ते तिथे वर्षानुवर्षे राहते. पुढे गरोदरपणात तेच रक्तात उतरून गर्भापर्यंत पोहोचते. शिशामुळे हिमोग्लोबिन तयार होण्यात अडथळा येतो आणि मेंदूच्या पेशींची जोडणी बिघडते. पोटदुखी, बद्धकोष्ठता, चिडचिड, अभ्यासात लक्ष न लागणे ही लक्षणे इतकी साधी की जंताचे औषध देऊन विषय संपतो.

शिशाची सुरक्षित पातळी कोणतीच नाही. रक्ताच्या दर 100 मिलिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधावा, असे जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या 2020 च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात एवढे किंवा त्याहून जास्त शिसे आहे. भारतात 2000 साली पेट्रोलमधले शिसे गेले, 2017 पासून घरगुती रंगांत 90 पीपीएमची मर्यादा लागू झाली. या दोन्ही निर्णयांचे मोल मोठे आहे. पण जमिनीत आधीच बसलेले शिसे कुजत नाही, विरत नाही. गाळा बंद पडला, जागेवर इमारत उभी राहिली तरी माती तीच राहते. अंबरनाथ-बदलापुरात जुन्या औद्योगिक जागांवर घरे बांधण्याआधी मातीची तपासणी व्हायलाच हवी.

घरात करण्यासारखे काही आहे. बॅटरी किंवा भंगाराचे काम करणाऱ्याने कपडे बाहेर बदलावेत आणि ते वेगळे धुवावेत. कोरड्या झाडूने धूळ उडते, त्यापेक्षा ओल्या फडक्याने पुसावे. जेवणाआधी मुलांचे हात धुवावेत. नाचणी, पालेभाज्या, लिंबू ताटात असावे. शंका आल्यास शिरेतून रक्त घेऊन शिशाची तपासणी करून घ्यावी. नेहमीच्या रक्ततपासणीत ते कळत नाही. 45 मायक्रोग्रॅमपासून पुढे शिसे बाहेर काढणारी औषधे देतात. मात्र मूल पुन्हा त्याच धुळीत परतले तर औषध वाया जाते. नायजेरियातल्या झाम्फारात 2010 साली सोन्याच्या खनिजातल्या शिशाने शेकडो मुले दगावली, तेव्हा गावांतली दूषित माती खरवडून काढली आणि मगच मुलांवर पूर्ण उपचार सुरू झाले.