जुनी अमेरिकन मोटार आणि सोलापूरचें ऊन

जुन्या मोटारीचा छंद जडलेला मनुष्य बहुधा रंगापासून आरंभ करतो, आणि तेथेंच त्याची पहिली चूक होते. वाड्याच्या आवारांत वीस-पंचवीस वर्षें धूळ खात उभी असलेली गाडी पाहिली कीं त्याच्या डोळ्यांसमोर वरातींतली चकाकती मोटार उभी राहते. मग रंगारी येतो, बंपरवर क्रोमचा मुलामा चढतो, आणि मे महिन्यांत तीच गाडी पार्क चौकांतून निघून सात रस्त्याला पोंचण्यापूर्वींच वाफा टाकीत थांबते. रंगानें पत्र्याचें रक्षण होतें. यंत्राचें रक्षण हा निराळा व्यवहार आहे.

सोलापूरकरांनीं हा व्यवहार समजून घ्यावा यास एक कारणही आहे. देशी भांडवलावर अमेरिकन गाड्या जुळविण्याचा कारखाना ज्यांनीं उभारला, ते वालचंद हिराचंद १८८२ सालीं याच शहरांत जन्मले. त्यांच्यापूर्वीं फोर्ड १९२६ मध्यें व जनरल मोटर्स १९२८ मध्यें हिंदुस्थानांत आल्या होत्या. पण त्या परक्या कंपन्या. वालचंदांनीं १९४४ मध्यें प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि क्रायस्लर कंपनीशीं केलेल्या कराराच्या आधारें कुर्ल्याच्या कारखान्यांतून डॉज, प्लिमथ व डिसोटो या नांवांच्या गाड्या बाहेर पडूं लागल्या. पुढें येथेंच सुटे भाग बनविण्याची योजना नसलेल्या कंपन्यांना सरकारनें थारा दिला नाहीं, आणि १९५४ मध्यें जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना बंद झाला. या इतिहासाचा आजच्या दुरुस्तीशीं प्रत्यक्ष संबंध आहे. प्लिमथच्या एंजिनाचे बरेचसे भाग अजूनही अमेरिकेंतून मागवितां येतात; परंतु तेथील गाड्यांचें सुकाणू डाव्या हातास, आपल्याकडचें उजव्या. म्हणून सुकाणूची पेटी व समोरचा फळा यांचे मूळ भाग मोडके असले तरी फेंकूं नयेत. त्यांच्या जागीं दुसरे मिळणें फार कठीण.

समजा, एखाद्या गृहस्थाच्या घरीं १९५० च्या सुमाराची प्लिमथ आहे. एंजिन सहा सिलिंडरांचें, व्हॉल्व्ह डोक्यावर नसून बाजूला, ब्लॉकमध्येंच बसविलेले. दीर्घकाळ निजलेलें असें एंजिन एकदम बॅटरी लावून फिरवूं नये. अगोदर टाकींतलें जुनें पेट्रोल काढून टाकावें. सहाही स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरांत थोडें पातळ तेल सोडावें व दोन-चार दिवस धीर धरावा. नंतर हँडल घालून हातानें सावकाश फिरवावें. अडलें तर पुन्हां तेल, पुन्हां धीर. जोर केल्यास रिंगा तुटतात, आणि चार दिवसांचें काम चार महिन्यांवर जातें. उकललेला प्रत्येक स्क्रू डब्यांत घालून वर चिठ्ठी लावावी व उकलण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें. हें कंटाळवाणें वाटतें खरें; परंतु अर्धवट उकललेल्या ज्या गाड्या भंगारांत गेल्या, त्यांतील कित्येक केवळ कोणता भाग कोठला हें कोणाला आठवेना म्हणून गेल्या आहेत.

सोलापुरांत खरी परीक्षा उष्णतेची. उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांच्या वर राहतो, आणि विहिरीचें वा बोअरचें पाणी जड. असें पाणी वर्षानुवर्षें रेडिएटरांत घातलें कीं आंत चुन्याचा थर बसतो. गाडी तापूं लागली कीं मिस्त्री रेडिएटर उकळून साफ करतो, मग पंप बदलतो, मग थर्मोस्टॅट काढून टाकतो. तरी गाडी तापतेच. याचें कारण पुष्कळदां दृष्टीआड असतें. क्रायस्लर घराण्याच्या या एंजिनांत पंपाच्या मागें, ब्लॉकच्या आंत, पातळ पत्र्याची एक लांब नळी असते. तिला जागोजागीं भोकें असतात व त्यांतून थंड पाणी प्रत्येक सिलिंडरच्या व्हॉल्व्हांपर्यंत पोंचतें. साध्या पाण्यानें ही नळी गंजून चाळणीसारखी होते. मग पाणी पुढच्या सिलिंडरांपाशींच सांडतें आणि मागचे दोन कोरडे पडल्यासारखे तापतात. शेतांतला पाट मध्येंच फुटला तर शेवटचा वाफा सुकतो, तसाच हा प्रकार. नळी काढण्यासाठीं रेडिएटर व पंप उतरवावा लागतो, आणि वांकविलेल्या सळईनें ती पुढें ओढावी लागते. बहुधा ती तुकड्या-तुकड्यांनीं बाहेर येते. काम एका दिवसाचें. पण त्याची माहिती नसल्यामुळें ब्लॉकला भेगा पाडून घेतलेले धनीही असतात. नवी नळी बसविल्यावर शुद्ध केलेलें पाणी व गंजरोधक द्रव यांचें मिश्रण घालावें. बोअरच्या पाण्याला पुन्हां आंत येऊं देऊं नये.

उष्णतेचा दुसरा उपद्रव पेट्रोलचा. पंप एंजिनालाच बसविलेला असल्यामुळें तापलेल्या पंपांत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी भर रस्त्यांत बंद पडते. पंपावर ओलें फडकें ठेवून पंधरा मिनिटें थांबणें हा जुना उपाय आजही चालतो. पेट्रोलची नळी गरम एक्झॉस्टपासून दूर फिरविणें हा कायमचा उपाय.

परंतु आज त्याहून कठीण प्रश्न पेट्रोलच्या घटकांचाच आहे. २०२३ पासून २० टक्के एथेनॉल मिसळलेलें पेट्रोल विक्रीस आलें आणि २०२५ मध्यें देशानें तें उद्दिष्ट गांठलें. हें एथेनॉल पुष्कळसें उसाच्या मळीपासून व रसापासून होतें, आणि सोलापूर जिल्हा तर साखर कारखान्यांचाच. शेतकऱ्याला दोन पैसे मिळतात यांत आनंदच आहे. मात्र त्याच उसाचें पेय जुन्या मोटारीच्या पोटाला मानवत नाहीं. पंपाचा जुना रबरी पडदा फुगतो, बुचाचीं गॅस्केटें सैल होतात, आणि एथेनॉल हवेंतील ओलावा ओढून घेत असल्यामुळें पावसाळ्यांत टाकीच्या तळाशीं पाणी साचून गंज धरतो. म्हणून पंपाचा पडदा व पेट्रोलच्या रबरी नळ्या एथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालाव्या. मिश्रण पातळ झाल्यानें एंजिन तापून चालत असेल तर कार्ब्युरेटरचा जेट किंचित् मोठा लागतो. मूळ वस्तूंचा आग्रह धरणाऱ्यानेंही येथें हट्ट सोडावा. कारण पेट्रोल गळून गाडी पेटली तर मूळ असें कांहींच शिल्लक राहणार नाहीं.

विजेची रचना सहा व्होल्टांची, आणि प्लिमथमध्यें बॅटरीचें धन टोंक गाडीच्या सांगाड्यास जोडलेलें असतें. आजच्या मिस्त्रीला संवय उलट. त्यानें संवयीनें जोडणी केली तर डायनामो बिघडतो. तसेंच डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. हें ठाऊक नसल्यामुळें पान्यावर उभें राहून जोर करणारे पहिलवान बोल्टच मोडून ठेवतात. ब्रेक तेलाचे व चारही चाकांचे एकाच नळीवर चालणारे. एका ठिकाणीं गळती झाली कीं सर्वच ब्रेक गेले. या एका बाबतींत काटकसर करणें म्हणजे दुसऱ्यांच्या जिवाशीं खेळणें होय. चाकांतील सिलिंडर प्रथम, रंग शेवटीं.

लेथचें काम करणारे कारागीर या गांवांत अद्याप आहेत. १८७७ सालीं जुनी मिल चालूं झाल्यापासून गिरण्यांच्या खात्यांतून टर्नर-फिटरांची परंपरा येथें रुजली. गिरण्या मिटल्या, कांहीं हात राहिले. गाडी झांकावयास प्लास्टिकच्या ताडपत्रीपेक्षां जुनी सोलापुरी चादर बरी. तिच्यांतून हवा खेळते, खालीं दमटपणा कोंडत नाहीं.

२०२१ च्या केंद्रीय नियमांनीं पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपांतील गाड्यांसाठीं निराळी नोंदणी ठेवली आहे. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अशी गाडी रोजच्या कामास वापरतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यत-यात्रा, दुरुस्ती व पेट्रोल भरणें यांस मुभा आहे. म्हणून दर पंधरवड्यास दुरुस्तीनंतरच्या चांचणीसाठीं ती निदान अर्धा तास चालवावी, एंजिन पुरतें तापूं द्यावें. दारांत उभी ठेवून पांच मिनिटें सुरू करणें अपायकारक होतें. तेवढ्या उष्णतेनें तेलांत उतरलेलें पाणी उडून जात नाहीं, तें तेथेंच राहून बेअरिंगें खातें.