जितकं ऊन कडक, तितकी काच काळी?

मे महिन्यात नांदेड-धर्माबादकडून बासरला ज्ञानसरस्वतीच्या दर्शनाला येणाऱ्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते : "एवढं रणरणतं ऊन, तरी चष्मा धड काळा होत नाही. दुकानदाराने डुप्लिकेट फोटोसन गळ्यात मारला."

दुकानदाराला दोष देण्याआधी नीट समजून घ्या. काच उष्णतेने काळी होत नाही. उष्णता उलट तिचा काळेपणा घालवते.

प्लास्टिकच्या फोटोक्रोमिक, म्हणजे उन्हात आपोआप गडद होणाऱ्या (बोलीत 'फोटोसन') काचांमध्ये नॅफ्थोपायरानसारखी रंगद्रव्यं असतात. सूर्याचे अतिनील किरण पडले की त्यांच्या रेणूतलं एक कडं उघडतं, रेणू दृश्य प्रकाश शोषू लागतो आणि काच गडद होते. हे कडं पुन्हा मिटतं ते मुख्यतः उष्णतेमुळे. भर उन्हात या दोन्ही क्रिया एकाच वेळी चालू असतात. भोक पडलेली घागर नळाखाली धरावी, तसंच हे : नळ अतिनील किरणांचा, गळती उष्णतेची. गोदावरीच्या घाटावर पारा ४० च्या वर गेला की गळती वाढते, मग नळ कितीही जोरात असो, घागर अर्धीच भरते. म्हणून हिवाळ्यातल्या गार दुपारी हीच काच अधिक गडद दिसते.

विश्वास बसत नसेल तर या काचांचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ८९८०-३, पाहा. त्यातली मूळ चाचणी २३ अंश सेल्सिअसला होते, आणि तापमानाचा परिणाम तपासायला ५ व ३५ अंशांनाही काच मोजतात. तापमानाने फरक पडत नसता, तर ही वेगळी तपासणी कशाला ठेवली असती? आणि बासरचा मे तर ३५ अंशांच्याही पुढे असतो.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

• "गाडीत काळी होत नाही, म्हणजे बिघडली." समोरची काच अतिनील किरण अडवते, त्यामुळे साधी फोटोक्रोमिक काच गाडीत फारशी बदलत नाही.

• "आत शिरताच पांढरी होते." काळं व्हायला एखादं मिनिट पुरतं, पूर्ण पांढरं व्हायला काही मिनिटं लागतात. मंदिराच्या पायऱ्या उतरताना जपा.

• "काळी नाही, म्हणजे डोळ्यांना संरक्षण नाही." चांगली काच पांढरी असतानाही अतिनील किरण रोखते.

• "आयुष्यभर टिकते." रंगद्रव्यं काही वर्षांत थकतात.

• "ग्रहण बघायला चालते." अजिबात नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

घर, शाळा, बाजार अशी दिवसभर आत-बाहेर ये-जा असेल, तर फोटोक्रोमिक काच खरोखर सोयीची आहे. पण ज्यांचा उन्हाळाच बाहेर जातो, शेतात, बांधकामावर किंवा दुचाकीवर, त्यांनी नंबरचा वेगळा गॉगल करून घ्यावा. आणि विकताना दुकानदारांनीही हे सांगायलाच हवं : आमच्या भागातल्या मे महिन्यात ही काच पूर्ण काळी होणार नाही.